‘सेव्हरली’ म्हणजे काय हो?

परवा नातीने वही पुढे केली. “आजोबा, ‘सेव्हरली’ वाक्यात वापरायचाय. सेव्हरल म्हणजे बरेच, तर सेव्हरली म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून, ना?”

मी गप्पच झालो. 1981 साली इंदूरच्या रामबागेतल्या एका काकांना मी हाच अर्थ सांगितला होता.

तेव्हा मी बँकेत नवा अधिकारी. ओळखीच्या एका मुलाला छापखान्यासाठी तीस हजारांचं कर्ज हवं होतं. जामीन तिघे, त्यातले हे काका शाळामास्तर, रिटायर व्हायला आलेले. जामीनपत्र इंग्रजीत. ‘जॉइंटली अँड सेव्हरली’वर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “बाळ, हे काय रे?” समोर गर्दी होती. मी म्हटलं, “तिघांनी मिळून, काका. वेळ आलीच तर आपला तिसरा हिस्सा.” त्यांनी सही केली.

दोन वर्षांत छापखाना बसला, मुलगा गाव सोडून गेला. बाकीच्या दोघांनी हात वर केले. काका नोटीस घेऊन माझ्या टेबलापाशी आले. पूर्ण रकमेची, व्याजासकट. “तू तर तिसरा हिस्सा म्हणाला होतास ना?”

त्या रात्री बी.कॉम.चं जुनं पुस्तक काढलं. (मार्कांपुरतंच वाचलेलं!) 1872 चा करार कायदा, कलम 128: करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आणि सेव्हरली म्हणजे सुटासुटा. तिघांतला प्रत्येक जण एकटासुद्धा सगळ्या पैशांना बांधलेला, बँक हवं त्याला धरणार. जामीनदारांनी आपसात सारखा वाटा उचलावा हे कायद्यात आहे, कलम 146, पण ती वसुली ज्याने भरले त्याने करत बसायची.

काकांनी फंडातून पैसे भरले. मी पगारातून थोडे देऊ केले, तर म्हणाले, “राहू दे, तुझं लग्न ठरलंय.”

पुढे निवृत्त होईपर्यंत ते वाक्य मी प्रत्येक जामीनदाराला मराठीत नाहीतर हिंदीत फोडून सांगितलं. काही जण सही न करता उठून गेले. मॅनेजरसाहेब माझ्यावर चिडायचे.

नातीला वाक्य लिहून दिलं, तीन जामीनदारांचं. “हे कुठल्या पुस्तकातलं, आजोबा?” तिने विचारलं. मी काकांचं नाव सांगितलं. तिला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. माझ्या लग्नात ते आले होते, अकरा रुपये आहेर करून गेले.