दारू, काडतूस आणि पाठभेद

गुरुकुंज मोझरीत ‘दारू’ म्हटले की एकच अर्थ निघतो, आणि तोही निषेधाचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापला; व्यसनमुक्ती हा त्यांच्या ग्रामकार्याचा भागच होता. आमच्या वाडवडिलांच्या तोंडी मात्र या शब्दाला दुसराही अर्थ होता. पिकात रोही आणि रानडुकरे शिरत, म्हणून घरात ठासणीची बंदूक असे. १९५९च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे.

या बंदुकीला तयार काडतूस लागत नाही. दारू, चिंधी, छर्रे, टोपी हे सारे भरणाऱ्यानेच जुळवायचे. साहजिकच एक जिन्नस संपला की जवळपासचा दुसरा घालण्याचा मोह होतो. आमच्या घरी या बाबतीत वडीलधाऱ्यांची शिस्त कडक होती. तिच्यामागचे कारण आम्हांस पुढे वाचनातून कळले. जुनी नळी घडवलेली असते ती काळ्या दारूसाठी, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणासाठी. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्येय याने बिनधुराची दारू सिद्ध केली. तीही दाणेदार, काळसर. नजरेला फरक न जाणवावा अशी. पण काळ्या दारूच्या मापाने ती जुन्या नळीत ठासली, तर दाब इतका चढतो की नळीच फुटते. छर्ऱ्यांचेही तसेच. शिसे जड आणि मऊ, पोलाद हलके आणि कठीण. एकाचे प्रमाण दुसऱ्याला चालत नाही, शिवाय पोलाद जुन्या नळीला आतून इजा करते. ज्या देशांत लोक घरी काडतुसे पुन्हा भरतात, तेथील जाणते म्हणूनच दारू उत्पादकाने तपासून छापलेल्या कोष्टकाबाहेर जात नाहीत. टोपी किंवा बूच बदलायचे तरी त्या नव्या जोडणीचे वेगळे कोष्टक शोधतात. अदमासाला तेथे जागा नाही.

काडतुसातला घटक बदलण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र आपल्याच इतिहासात आहे, आणि तो फसला तो रसायनामुळे नव्हे. जानेवारी १८५७ मध्ये डमडमला चरबीची कुजबुज सुरू झाली. सरकारने तत्परतेने पर्याय दिला: काडतुसे बिनवंगणाची मिळतील, मेण आणि तेल शिपायांनी स्वतःच लावावे. पुढे काडतूस दाताने न तोडता हाताने फाडण्याचीही मुभा आली. तांत्रिक दृष्ट्या यात खोट काढणे कठीण. पण तोवर संशय वंगणावरून कागदावर सरकला होता. त्याची चकाकीच शिपायांना खुपू लागली. फेब्रुवारीत बेऱ्हमपूरला १९व्या पलटणीने जी काडतुसे नाकारली ती तर जुन्याच बंदुकांची होती. आम्हांला वाटते, सरकारने जिन्नस बदलला, पण तो बदल खरा मानायला लावणारा विश्वास त्याच्या कोठारात नव्हता.

वेदशास्त्रसंपन्न विष्णुभट गोडसे त्याच वर्षी उत्तरेकडे निघाले होते, आणि काडतुसांची ही हकीकत त्यांनी वाटेतच ऐकली. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला तो स्वतःचे हात फिरवून. मूळ हस्तलिखिताला धरून असलेला पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली पुढे आणला. मधली जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक गोडसे म्हणून जे वाचत होता, त्यात वैद्यांचीही भर होती. ग्रंथ काही फुटला नाही. वाचकाला इजा होत नाही, म्हणूनच असे बदल इतकी वर्षे निभावतात, आणि वर्गात आम्ही ते निमूटपणे शिकवतो. (वैद्यांना दोष देणे सोपे आहे, त्यांच्यावाचून हे पुस्तक १९०७ साली कोणाच्या हाती पडले नसते.)

मोझरीत हा विषय काढताना १९४२ आठवतेच. १६ ऑगस्टच्या चिमूरच्या उठावाशी महाराजांच्या भजनांचे नाव जोडले जाते, आणि त्याच महिन्यात त्यांना अटकही झाली. त्यांतल्या एका भजनात दारूगोळ्याची जागा रानातले दगडच घेतात. खंजिरीवर ही अदलाबदल शोभते, तिचे कोष्टक कोणी मागत नाही. इंग्रज सरकारने मात्र ती शब्दशः घेतली असावी.

आमच्या आजोबांनी ती भजने ऐकली होती. घरी आल्यावर ते टोप्यांची डबी उघडून पुन्हा मोजत, आणि दारूच्या डब्यावरची चिठ्ठी पुसट झाली असेल तर नवी लिहीत.