मोजणाऱ्याची शिदोरी

रेवदंड्याहून मुरुडकडे जाणाऱ्या वळणावळणाच्या वाटेनें आमच्या शाळेची गाडी मुलांची नेआण करते. इंजिनांतील तेलाचा दाब अकस्मात् उतरला, तर थोडक्याच मिनिटांत इंजिन जखडून जातें. आणि वळणावर असें होणें किती घातक, हें पालकांस सांगावयास नको. म्हणून यंदा आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं गाडीस दाब मोजणारा सेन्सर बसविण्याचें मनावर घेतलें. सेन्सर मिळाला, प्रश्न उरला तो त्याच्या शिदोरीचा. त्यास ५ व्होल्ट वीज हवी, आणि गाडीची बॅटरी १२ व्होल्टांची!

कोणी सुचविलें कीं, इंजिनाच्या संगणकाकडून इतर सेन्सरांस ५ व्होल्ट नेणाऱ्या तारेसच जोडून घ्यावें. परंतु त्या एका तारेवर अनेक सेन्सर जगत असतात. आमची तार घासून लोखंडास टेकली, तर सर्वांचेंच अन्न तुटून गाडी भररस्त्यांत बंद पडावयाची. बॅटरीस थेट जोडावें, तर सेन्सर जळावयाचा. शिवाय तिची वीजहि स्थिर नव्हे. किल्ली फिरवितांना ती १० व्होल्टांपर्यंत उतरते, इंजिन चालू असतां १४ च्या घरांत चढते. आमचा सेन्सर तर दाब व्होल्टांतच सांगतो: दाब नसतां अर्धा, पूर्ण दाबास साडेचार. त्यास मिळणारी वीज वाढली, कीं त्याचें उत्तरहि फुगतें आणि खरा धोका झांकला जातो.

मोजणाऱ्यास विजेच्या गोंधळापासून आधींच जपावें लागतें, याचा दाखला आमच्या जिल्ह्यांतच आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहानें कुलाबा वेधशाळेचीं सूक्ष्म चुंबकीय उपकरणें बहकणार, हें ओळखून १९०४ सालीं अलिबाग येथें नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. ट्राम विजेवर धावूं लागली ती १९०७ सालीं!

अखेर किल्ली लावल्यावरच वीज येते अशी फ्यूजपेटींतील एक जागा मुलांनीं मीटरनें शोधली. बॅटरीची ऋण तार सोडून, तेथून १ अँपिअरचा फ्यूज घालून तार काढली, व मोटारीसाठींच बनविलेल्या रेग्युलेटरनें ५ व्होल्ट मिळविले. फ्यूज तारेच्या आरंभींच हवा. शेवटीं असल्यास मधली तार जळूं लागली तरी त्यास पत्ता नसतो. परतीच्या तारेचा बोल्ट खाऱ्या वाऱ्यानें गंजला होता, तो घांसून लखलखीत केला. मग दिवे, भोंगा व पंखा एकदम लावले, तरी मीटरचा आंकडा ५ वरून ढळला नाहीं. तो पाहून मुलांच्या मुद्रा कशा फुलल्या, तें आम्ही विसरणार नाहीं.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, घरच्या गाडीस मुलें कांहीं जोडूं म्हणतील, तेव्हां त्यांस रागें भरूं नये. जाणत्या मेस्त्रींस जवळ उभें करावें, आणि मुलांच्या हातीं प्रथम मीटर व फ्यूज द्यावा.