उत्तरेचा प्रकाश

भरतीची वेळ झाली की महाडजवळ सावित्रीचे पाणी उलट चढू लागते. महाबळेश्वरी उगम पावून पोलादपुरावरून आलेल्या या नदीला समुद्र जणू सामोरा येतो. नॉर्वेतही समुद्र असाच डोंगरांत शिरला आहे. मात्र तेथील खोल, चिंचोळ्या खाड्या हिमनद्यांनी कोरल्या आहेत. त्यांना फियोर्ड म्हणतात.

हिवाळ्यात तेथे प्रवासी आगबोटीच्या डेकवर कुडकुडत रात्र जागवितात. सूर्याकडून आलेले विद्युत्कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ध्रुवप्रदेशाकडे वळतात व उंचावरील वायूंवर आदळतात. मग आकाशात हिरवे, तांबडे पडदे हलू लागतात. हाच ध्रुवप्रकाश!

“इतक्या दूर कोण जाणार?” असे सावित्रीकाठचा मुलगा म्हणेल. परंतु ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री सूर्यावरील प्रचंड वादळामुळे हा प्रकाश मुंबईच्या आकाशातही उजळला होता. मुंबई व एडन यांमधील समुद्रतळाच्या तारेवरून जाणारे संदेश तासन्‌तास खोळंबले. ज्यांनी मान वर केली, त्यांना तो आपल्या अंगणातूनच दिसला. जे दारे लावून निजले, ते मुकले.

समुद्राच्या भरतीची वेळ ठरलेली असते. आकाशातील या भरतीची नसते. म्हणून निजण्यापूर्वी क्षणभर अंगणात उभे राहून वर पाहावे.