पाय आणि फळ्या

आमच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसे निघाली. घरातच पुरलेली, अन् बहुतेक मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले! मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून, असा तज्ज्ञांचा तर्क.

त्याच गावची पोरे गुलमर्गला पायांना फळ्या बांधून बर्फावर घसरून आली. (आमच्याकडे बर्फ फक्त रसवंतीत.)

"शिकवतात काय रे?" मी विचारले.

"आधी पडायला, काका. मग उठायला."

"अन् तिथली माणसं?"

"फेरनमध्ये कांगडी घेऊन बसतात. आपण कुडकुडलो की जवळ बोलावतात."

शेजारचे आबा गप्प होते. मुलगा मुंबईला जाऊन अकरा वर्षे झालेली. म्हणाले, "घसरणं ठीक. परत वर चढायला शिकवतात का?"

"शिकवतात की! आडवी पावलं टाकत, हळूहळू."

"मग आमच्यालाही न्या एकदा."