मऊचे की मालेगावचे?

नाशिकच्या माझ्या वर्गात मालेगावकडून आलेली काही मुले आहेत. मूळ गाव विचारले की कुणी मालेगाव सांगतो, कुणी मऊ, कुणी आझमगड. मऊ सांगणाऱ्याने मऊ पाहिलेले नसते. त्याच्या अब्बांनीही नसते.

1857 नंतर उत्तरेतले मोमीन अन्सारी विणकर आग्रा रोडने दक्षिणेकडे आले आणि बरेचजण मोसम नदीकाठी मालेगावात राहिले. बरोबर हातमाग होता, बोली होती. पण पोट भरायचे तर गिऱ्हाइकाला हवे तेच विणावे लागणार, आणि इथली बाई नेसत होती नऊवारी लुगडे. ज्यांच्या घरात नऊवारी कुणी नेसत नव्हते, त्यांनी तिचे काठ-पदर हातात बसवले. मराठी बाईची आवड या लोकांना मराठी भाषेआधी कळली, असे मला वाटते.

कार्थेजबद्दल वाचताना मला मालेगावच दिसते. आजच्या लेबनॉनमधल्या टायर शहरातून गेलेल्या फिनिशियन लोकांनी ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर ते वसवले. नावाचा अर्थ 'नवे शहर'. (आपल्याकडे नयापुरा असतो तसे!) टायरच्या मेलकार्त देवाला ते दरवर्षी भेटी पाठवत राहिले, पण स्वतःच्या शहरात तानित देवीला मोठे स्थान दिले. भाषाही हळूहळू निराळी झाली. मूळ गावाचा मान राखला, संसार मात्र नव्या जागेचा केला.

माझे एक सहकारी मऊला लग्नाला गेले होते. बायकांची भोजपुरी गाणी त्यांना निम्मीच कळली. वऱ्हाडी त्यांना 'महाराष्ट्रवाले' म्हणत होते. इथे त्यांच्याच मुलाला 'यूपीवाला' म्हणतात. आणि मालेगावातले जुने दख्खनी मुसलमान, ज्यांच्या तोंडी 'नक्को' आणि 'हौ' सहज येते, तेही त्यांना वेगळेच धरतात.

घरातल्या गप्पांत हे चालून जाते. जातीच्या दाखल्याला नाही. ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा महाराष्ट्रातला पुरावा लागतो. दीडशे वर्षे इथे असलेल्या घराला तो सहज मिळावा, पण आजोबा लहानपणीच मागावर बसलेले, त्यांचा शाळेचा दाखला कुठून येणार? म्हणून दहावीच्या मुलांना मी जूनमध्येच सांगतो, जन्माच्या नोंदी शोधा, जुनी खरेदीखते काढा, दादीच्या पेटीतही बघा.