राखेतले बी, रंगीत बी

आमची आई वालाचे बी चुलीच्या राखेत घोळून मडक्यात ठेवी. कोरड्या राखेत भुंग्यांचे काही चालत नसे. आणि घरात कडधान्य संपले, तर त्यांतलेच मूठभर धुऊन ती आमटीला घेई. राख गेली, की वाल पुन्हा वाल!

गेल्या पावसाळ्यात परसात लावण्यासाठी मी भेंडीचे बी आणले. पुडी फोडली, तो आतले दाणे गुलाबी! नात म्हणाली, "आजोबा, हे तर मणी!" तो रंग शोभेचा नव्हे, हे बी खाण्याचे नाही, एवढेच तो सांगतो. त्या दाण्यांवर इमिडाक्लोप्रिड नावाचे कीटकनाशक चढवलेले होते. बी रुजले, की ते मुळांवाटे रोपाच्या रसात उतरते. मावा अन् तुडतुडे पानात सोंड खुपसतात आणि रसाबरोबर विषही पितात. त्यामुळे कोवळ्या रोपाचे काही आठवडे रक्षण होते. युक्ती मला आवडली, हे कबूल केले पाहिजे. मात्र मधमाश्यांच्या काळजीपोटी युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतांत तिला मनाई केली, हेही मी वाचले होते.

बी टोकून मी हात धुवायला गेलो. पाचसहा दाणे पायरीवरच राहिले. परत येतो, तो एक चिमणी टुणटुण उड्या मारीत त्यांच्याकडे निघालेली! गुलाबी रंगाचा अर्थ तिला कोण सांगणार? नात ओरडली, तशी ती भुर्रकन उडाली.

मी ते दाणे कागदाने उचलून खोल पुरले. नात बराच वेळ पायरी न्याहाळीत होती; एखादा दाणा फटीत तर राहिला नाही ना?