खुरपणीला बसता येतं का

गुडघेदुखीचा रुग्ण आला की आधी त्याच्या हातातलं एक्स-रेचं पाकीट घ्यायचं, फिल्म उजेडात धरायची आणि मग माणसाकडे बघायचं, हा माझा अनेक वर्षांचा क्रम होता. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे आणि येणाऱ्यांत मोठा भरणा गुडघ्यांचाच असतो. या उलट्या क्रमामुळे माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांची किंमत रुग्णांनी मोजली. म्हणून त्याबद्दल मोघम लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ मध्ये एक्स-रेवरून सांध्याच्या झिजेची शून्य ते चार अशी प्रतवारी बसवली. ती आजही वापरात आहे आणि तिचा उपयोगही आहे. मी मात्र झिजेचा आकडा हाच दुखण्याचा आकडा धरून चालले. एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही. दिसतं ते दोन हाडांमधलं अंतर आणि कडेला वाढलेलं हाड. कूर्चेत मज्जातंतूही नसतात. दुखतं ते सांध्याच्या अस्तरात, कूर्चेखालच्या हाडात, भोवतीच्या आवरणात. चौथ्या प्रतीचा गुडघा घेऊन रोज मळ्यापर्यंत चालत जाणारे आजोबा आणि दुसऱ्या प्रतीच्या गुडघ्यानं रात्र रात्र जागणारी बाई, दोघंही माझ्याच दवाखान्यात येत होते, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्यातही कित्येक फिल्म रुग्णाला आडवं झोपवून काढलेल्या असत. सांध्यातलं अंतर खरं किती उरलं आहे, ते पायावर भार देऊन उभ्यानं काढलेल्या फिल्ममध्ये कळतं. हे शिकलेले असूनही मी तशा फिल्मवरून बोलत असे.

एमआरआयनं तर माझी खात्री आणखी वाढवली. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांच्या गुडघ्यांची एमआरआय तपासणीचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांची गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली दिसली त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिनाभरात गुडघ्याचा काहीच त्रास झालेला नव्हता. हे मी फार उशिरा वाचलं. तोवर ‘गादी फाटलीय, आता जपा’ असं सांगून कितीतरी माणसांना घाबरवून झालं होतं.

त्यांतल्या एका मावशींबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. त्या रोजगारानं खुरपणीला जायच्या. पन्नाशी ओलांडलेली, दोन्ही गुडघे दुखणारे, सकाळी उठल्यावर थोडा वेळ आखडणारे. एक्स-रे तिसऱ्या प्रतीचा. मी फिल्म दाखवून म्हटलं, “हाडावर हाड घासतंय मावशी. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, जिना टाळायचा.” त्या म्हणाल्या, “मॅडम, खुरपं काय उभ्यानं चालतंय व्हय?” मला उत्तर देता आलं नाही. मी फक्त तोच सल्ला पुन्हा सांगितला.

तो सल्ला अगदीच निराधार नव्हता. बीजिंगमधल्या वृद्धांच्या अभ्यासात, तरुणपणी रोज कित्येक तास उकिडवं बसलेल्यांत गुडघ्याची झीज अधिक आढळली आहे. पण वर्षानुवर्षांच्या कामातून वाढणारी जोखीम ही एक बाब आणि आज दुखणाऱ्या बाईला तिच्या कामावरून उठवणं ही दुसरी. मावशींनी माझं ऐकलं. रोजगार सोडला आणि घरी बसल्या. पुढे त्यांची लेक त्यांना घेऊन आली तेव्हा मांडीचे स्नायू हाताला लागण्याइतके बारीक झाले होते, वजन वाढलं होतं आणि खाटेवरून उठताना दोन्ही हातांचा रेटा द्यावा लागत होता. दुखणं तसंच होतं. गुडघ्याला सांभाळून घेणारा सगळ्यात मोठा आधार मांडीच्या पुढच्या स्नायूचा असतो, आणि तोच मी भीती घालून सुकवला होता.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना खुर्चीवर बसवून हात छातीशी धरायला लावले आणि तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजलं. या चाचणीला खुर्ची आणि घड्याळ पुरतं. भरभर चालण्याची आणि जिना चढण्या-उतरण्याची चाचणीही तितकीच साधी. यांतली एकही मी आधी कधीच केली नव्हती, कारण हातात फिल्म होती.

मग खाटेवर गोधड्यांच्या घड्या घालून उंच केलेल्या बैठकीवरून उठणं-बसणं सुरू केलं. जमेल तशी एकेक घडी कमी केली. सोबत पाय सरळ ठेवून उचलणं, भिंतीला पाठ टेकून थोडं खाली सरकणं. व्यायामानंतर दुखलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर आलं तर घाबरायचं नाही, हेही सांगितलं. आधी मी ‘दुखलं की थांबा’ म्हणत असे. शेतात एक गुडघा टेकून बसायचं, खाली पोत्याची घडी घ्यायची, सरीच्या टोकाला पोचलं की उभं राहून पाय मोकळे करायचे. मावशी पुन्हा रोजगाराला जाऊ लागल्या. पूर्ण उकिडवं त्यांना परत बसता आलं नाही. मधल्या काळातली मजुरी बुडाली ती बुडालीच.

प्रश्न विचारतानाही मी माणसाआधी कागदच बघितला. वोमॅक नावाची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात चोवीस प्रश्न असतात: पाच दुखण्याचे, दोन आखडण्याचे, सतरा रोजच्या कामांचे. त्या सतरांत मोजे घालता-काढता येतात का, मोटारीत चढता-उतरता येतं का, बाथटबात शिरता येतं का असे प्रश्न आहेत. अनवाणी किंवा चपलेवर वावरणाऱ्या बायकांना मी हे जसंच्या तसं विचारलं आणि ‘लागू नाही’ असं लिहून गुण काढले. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसनं याच प्रश्नावलीची आपल्या राहणीला धरून सुधारलेली आवृत्ती केली आहे. ती मला पुण्यापासून काही तासांवर राहूनही ठाऊक नव्हती. संडासाला बसून उठता येतं का, देवापुढे मांडी घालता येते का, एसटीची पायरी चढता येते का, हे विचारायला खरं तर कुठल्या आवृत्तीचीही गरज नव्हती.

यंत्रांबद्दल लिहिणं मला सगळ्यात जड जातं. शेक देणारं डायथर्मीचं यंत्र मी कर्ज काढून घेतलं होतं. हप्ता होता, जागेचं भाडं होतं. रुग्णही ‘करंट लावा, शेक द्या’ म्हणतच यायचे. बैठकांचं पॅकेज ठरायचं, माणूस निजून राहायचा आणि शेवटी जाताना व्यायामाचा कागद हातात पडायचा. शेकानं घटकाभर बरं वाटतं, हे खरं. पण ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२२ च्या मार्गदर्शनात अल्ट्रासाउंड, इंटरफेरेन्शियल करंट यांसारखे विद्युत उपचार सांध्याच्या झिजेत देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे आणि सगळा भर व्यायामावर व जिथे गरज आहे तिथे वजनावर दिला आहे. त्याच मार्गदर्शनात असंही आहे की वय पंचेचाळीस किंवा त्यापुढे, हालचालीनं वाढणारं दुखणं आणि सकाळचं आखडणं अर्ध्या तासाच्या आत असेल, तर निदानाला एरवी एक्स-रेचीही गरज नाही. यंत्र अजून आहे. पॅकेज मी बंद केलं आहे.

एका माळकरी काकांना मी ग्लुकोसामाइनच्या गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या होत्या. अमेरिकेतल्या १५८३ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष २००६ मध्येच आला होता: एकूण रुग्णांत ग्लुकोसामाइन हे खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. हे द्रव्य बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात. काकांना ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी गोळीचं वेष्टन वाचलं नव्हतं.

एका शेतकऱ्याचा तर गुडघा दोषीच नव्हता. त्यांच्या एक्स-रेत झीज होती, म्हणून मी कित्येक आठवडे गुडघ्यावरच उपचार करत राहिले. शहरातल्या शल्यचिकित्सकांनी त्यांना उताणं झोपवून मांडी आतल्या बाजूला वळवली आणि रुग्ण कळवळला. खराब झाला होता तो खुबा. दोन्ही सांध्यांना ऑब्ट्युरेटर नर्व्हच्या फांद्या जातात, म्हणून खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं. पहिल्या वर्षाच्या शरीररचनाशास्त्रात शिकवलेली ही गोष्ट. आता गुडघा दुखतो म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचा खुबा मी आधी वळवून बघते.

आणि व्यायामावर विश्वास बसल्यावर मी उलट्या दिशेनंही चुकले. एका निवृत्त शिक्षकांचा पाय हळूहळू वाकत चालला होता, सरळ होत नव्हता. रात्रीही दुखायचं. त्यांना शस्त्रक्रियेचं विचारायचं होतं. मी म्हणाले, “सर, अजून थोडे महिने करून बघू.” दुखण्याला दहापैकी किती गुण एवढंच मी दर वेळी लिहून घेत होते, गुडघ्याचा कोन मोजत नव्हते. सांधा बदलल्यानंतर तो किती हलेल हे बऱ्याच अंशी आधी तो किती हलत होता यावर ठरतं. सरांचं दुखणं शस्त्रक्रियेनंतर गेलं, ते बाजारात चालत जातात, पण पाय पुरता सरळ होत नाही. ते मला कधी काही बोलले नाहीत. आता कोनमापक टेबलावरच असतो आणि दर भेटीला दोन्ही गुडघ्यांचे कोन, खुर्चीवरून उठण्याची संख्या आणि त्या माणसाला जे काम पुन्हा करायचं आहे ते कागदावर सर्वांत वर लिहिते. कोन वाढत गेला किंवा झोप उडाली, की शल्यचिकित्सकांकडे जाण्याची चिठ्ठी त्याच दिवशी देते.